भूमध्य समुद्रातली क्रूझ : बंदरावर उतरून काय बघायचं, कसं ठरवायचं?

पारिजात

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण पहिल्यांदाच क्रूझला निघालोय. मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा आणि माझे आईबाबा. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि खणखणीत आहेत. आई ६९ची, दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालते, पायऱ्या आल्या की थांबत थांबत चढते.

कार्यक्रम असा: रविवारी बार्सिलोनाहून निघायचं. सोमवारी पाल्मा, मंगळवारी मार्सेय, बुधवारी लिव्होर्नो, गुरुवारी चिव्हितावेक्किया, शुक्रवारी नेपल्स. शनिवारी दिवसभर समुद्रात आणि रविवारी परत बार्सिलोना. व्हिसा हातात आलाय. विमानाची तिकिटंही झालीत, एक दिवस आधी पोचतोय.

आता खरी अडचण. मी केलेली यादी अशी आहे. लिव्होर्नोहून पिसा आणि फ्लॉरेन्स. चिव्हितावेक्कियाहून रोममध्ये व्हॅटिकनची संग्रहालयं, सेंट पीटर्स, कोलोसियम आणि ट्रेव्ही कारंजं. नेपल्सला पॉम्पेई, व्हेसुव्हियस आणि वेळ उरला तर काप्री. जहाजाच्या सहलींचे दर पाचाने गुणले आणि छातीत धस्स झालं. हे सगळं आपलं आपण केलं तर जमेल का?

बाबांना मार्सेय बघायचंय, सावरकरांची तिथली उडी सगळ्यांना माहीत आहे. मुलाला कोलोसियम हवंय. आईने काहीच मागितलेलं नाही. "तुम्ही न्याल तिकडे येईन" एवढंच म्हणते, आणि मला तिचीच जास्त काळजी वाटते.

दर्यावर्दी

पारिजातताई, मी रत्नागिरीचा. नऊ वर्षं प्रवासी जहाजांवर नोकरी केली, त्यातली चार सहलींच्या काउंटरवर. स्पष्टच सांगतो, ही यादी तीन आठवड्यांची आहे.

आधी वेळेचं. जहाज सुटायची वेळ विसरून जा. तुमची वेळ म्हणजे 'ऑल अबोर्ड', सुटण्याआधी अर्धा ते एक तास. त्या वेळेपासून मागे मोजत यायचं. लिव्होर्नोचं करून दाखवतो. ऑल अबोर्ड साडेसहाला धरा. तुम्ही पाचला जहाजापाशी हवेत, म्हणजे चारला लिव्होर्नो स्टेशनात, म्हणजे अडीचच्या गाडीने फ्लॉरेन्स सोडायचं. आता सकाळ बघा. सातला जहाज लागलं तरी पावणेआठच्या आत पाच जण खाली उतरत नाहीत. ते मालवाहू बंदर आहे, आत पायी फिरू देत नाहीत. शटल बसने गावात जायचं, तिथून स्टेशन, मग सुमारे दीड तासाची गाडी. फ्लॉरेन्सला पाय टेकेपर्यंत पावणेअकरा होतात. म्हणजे हातात पावणेचार तास, त्यात जेवण, स्वच्छतागृह आणि आईंचं बसणं. यात पिसा कुठे घालणार?

दुसरं, पत्रकावर 'रोम' छापलेलं असतं पण जहाज रोमला लागत नाही. चिव्हितावेक्किया ते रोम रस्त्याने सुमारे ८० किलोमीटर. फ्लॉरेन्सही लिव्होर्नोपासून सुमारे ९० किलोमीटर. उलट नेपल्सला तुम्ही धक्क्यावरून बाहेर आलात की समोर कास्तेल नुओव्हो हा किल्लाच उभा असतो. माझा हिशोब यावरूनच ठरतो. जिथे जहाज शहरात लागतं तिथे आपलं आपण फिरा. जिथे शहर तासा-दीड तासावर आहे आणि सोबत वयस्कर माणसं आहेत, तिथे जहाजाचे पैसे मोजा. सगळी सहल घ्यायला हवी असंही नाही. 'नुसती बस' हा प्रकार असतो. शहरात नेऊन सोडतात, ठरल्या वेळी परत आणतात, मधले तास तुमचे. दर बराच कमी पडतो.

त्या पैशांत तुम्ही मुख्यतः एक गोष्ट विकत घेता: जहाजाची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं. तुमची रेल्वेगाडी अडकली तर थांबत नाही. धक्क्यावरून धावत येणारी माणसं आणि वर ओढून घेतलेली शिडी, हे मी वरच्या डेकवरून पाहिलंय. खालच्या बाईंच्या हातात खरेदीच्या पिशव्या होत्या, त्या त्यांनी जमिनीवर ठेवल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. अशा वेळी खोलीतल्या तिजोरीतून पासपोर्ट काढून बंदरातल्या एजंटाकडे देतात आणि पुढच्या बंदराला आपल्या खर्चाने गाठावं लागतं. एजंटाचा नंबर रोजच्या पत्रकात असतो. दररोज उतरण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्सही जवळ असू द्या.

मेघना_ठाणे

वरचं अक्षर न् अक्षर खरं आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही लिव्होर्नोहून स्वतःच फ्लॉरेन्सला गेलो. येताना मनात आलं, पिसा वाटेतच आहे, झुकता मनोरा बघून घेऊ. उतरलो, मनोरा बघितला, फोटो काढले. परत स्टेशनात आलो तर फलकावर आमच्या गाडीपुढे लाल अक्षरं. रद्द. पुढच्या गाडीला एवढी गर्दी की सासऱ्यांना आत शिरता येईना. त्यांना मधुमेह आहे, जेवणाची वेळ टळून गेली होती, हात थरथरत होते. शेवटी टॅक्सी केली. वीस-बावीस किलोमीटरच आहे अंतर, पण संध्याकाळच्या रहदारीत ते संपेचना. ऑल अबोर्डला बारा मिनिटं असताना शिडीवर पाय ठेवला. त्या रात्री कुणीच नीट जेवलं नाही.

तेव्हापासून घरात दोन गाड्यांचा नियम आहे. आपण धरू ती गाडी रद्द झाली तरी पुढच्या गाडीने वेळेत पोचता आलं पाहिजे. जमत नसेल तर ते ठिकाण वगळायचं.

करवीरकर

पिसा सोडा, पण फ्लॉरेन्सला जाताच आहात तर एक विनंती. आमच्या कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या दौऱ्यावर गेले होते. जेमतेम विशीतले होते. इंग्लंड पाहून परत येताना फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच वारले. दहनासाठी नदीचा संगम पवित्र मानतात. आर्नो नदीला मुन्योने ही छोटी नदी जिथे मिळते तिथे, कास्किने उद्यानाच्या टोकाला, त्यांचं दहन झालं. त्याच जागी १८७४ साली छत्री उभारली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आमच्या कोल्हापूरचा न्यू पॅलेस बांधला तेच. फ्लॉरेन्सचे लोक या जागेला 'इंदियानो' म्हणतात. शेजारी आर्नोवर १९७८ साली मोठा पूल झाला, त्यालाही 'पोन्ते आल् इंदियानो' हेच नाव दिलं.

मी सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनवरून ट्रामने गेलो होतो, पण कास्किनेच्या थांब्यापासून पुढे बरंच चालावं लागतं. आईंना घेऊन टॅक्सीच करा. उद्यान सपाट आहे, झाडी दाट आहे, गर्दी नसते. दुओमो या मोठ्या कॅथेड्रलपाशी हजारो माणसांत उभं राहण्यापेक्षा मला तिथली दहा मिनिटं मोठी वाटली. आपल्या गावचा एक तरुण राजा इतक्या लांब नदीकाठी एकटाच आहे, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पारिजात

करवीरकर, बाबांना हे वाचून दाखवलं. ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. फ्लॉरेन्स पक्कं, पिसा रद्द. जहाजाची नुसती बस घेतेय.

तिबेरकाठ

मी रोममध्ये राहते, गुरुवारचं मी सांगते. व्हॅटिकनची संग्रहालयं आणि कोलोसियम एका दिवसात बंदरावरून येऊन करू नका. संग्रहालयांत एकदा शिरलात की दोन-तीन तास उभ्याने जातात आणि आईंचा दिवस तिथेच संपेल.

दोन तुकड्या करा. तुमचे यजमान आणि मुलगा कोलोसियम. तिकिटाला प्रवेशाची वेळ ठरलेली असते, आधीच ऑनलाइन काढा. तुम्ही आणि आईबाबा सेंट पीटर्स. प्रवेश फुकट आहे, पण सुरक्षा तपासणीची रांग चौकाभोवती वळसा घालते, तेव्हा शक्य तितक्या लवकर पोचा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलालाही हाफ पँट नको. तुमचा गुरुवार आहे हे बरं. बुधवारी सकाळी चौकात पोपची सार्वजनिक भेट असते आणि आत जायला बराच खोळंबा होतो.

रेल्वेने येणाऱ्या इतर वाचकांसाठी: टेर्मिनी या मुख्य स्टेशनापर्यंत जायची गरज नाही. अलीकडे रोमा सान पिएत्रो स्टेशन लागतं, चिव्हितावेक्कियाहून पाऊण ते एक तास. तिथून सेंट पीटर्स पायी दहा-पंधरा मिनिटांवर. 'बिर्ग' नावाचं दिवसभराचं तिकीट मिळतं, त्यात प्रादेशिक गाड्या आणि रोमची मेट्रो-बस दोन्ही येतं. कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचाच. विसरलात तर दंड होतो आणि तपासनीस ऐकून घेत नाही.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रोमभर रस्त्यात लोखंडी नळ आहेत, 'नाझोनी' म्हणतात, अखंड वाहतात आणि पाणी थंडगार. तोटीखाली बोट धरलं की वरच्या छिद्रातून कारंज्यासारखी धार येते, मुलाला दाखवा.

गोदाकाठ

मध्येच विचारते, शुद्ध शाकाहारी आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी बंदरावर काय खायचं? आम्हीही ऑक्टोबरमध्ये जातोय.

तिबेरकाठ

लिव्होर्नोत 'तोर्ता दि चेची' मागा. हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, एवढंच असतं आणि भट्टीत भाजतात. वरून खरपूस, आतून मऊ, आपल्या पिठल्याची वडी आठवते. वर मिरपूड घालतात. मार्सेयला 'पानिस' मिळतं, तेही हरभऱ्याच्या पिठाचं पण तळलेलं. पिझ्झा मारिनारा चीजशिवाय असतो, मात्र त्यात लसूण असतो, नको म्हणून सांगा. आणि पार्मिजानो चीज वासराच्या पोटातलं रेनेट वापरून करतात, तेव्हा काटेकोर शाकाहारी असाल तर तेही टाळा.

दर्यावर्दी

जहाजावरची फळं आणि सँडविच खाली नेऊ देत नाहीत, शिडीपाशी काढून घेतात. घरून आणलेला बंद पाकिटातला खाऊ चालतो.

आणि गोदाकाठ, तुमच्या मार्गात तुर्कस्तान, माँटेनेग्रो किंवा ट्युनिशिया असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते आजच बघा. तिकडे उतरलात की शेंगेनबाहेर गेलात. क्रोएशियाची आता ही अडचण नाही, १ जानेवारी २०२३ पासून तो शेंगेनमध्ये आहे.

तगर

नेपल्सबद्दल लिहायलाच हवं, कारण मी धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा आहे आणि तेरचा माणूस नेपल्सबद्दल गप्प बसू शकत नाही.

१९३८ साली पॉम्पेईच्या उत्खननात एका घरात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर. अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी, तळाशी खरोष्ठी या प्राचीन लिपीतलं अक्षर. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली शहर गाडलं गेलं, त्याआधीच ती तिथे पोचली होती. सुरुवातीला लक्ष्मी म्हणाले, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, म्हणजे एखाद्या आरशाची मूठ किंवा फर्निचरचा पाय असावा. हिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या मूर्ती कुठे सापडल्या? आमच्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. तेर म्हणजे जुनं तगर. इथला आणि पैठणचा माल भडोच बंदरातून रोमन जगात जात होता.

ही मूर्ती पॉम्पेईत नाही, नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तिथला 'गाबिनेत्तो सेग्रेतो' म्हणजे गुप्त कक्ष विचारा. त्या कक्षात प्राचीन रोमची शृंगारिक शिल्पं आणि चित्रं आहेत, चौदा वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबतच सोडतात. मुलाला न्यायचं का ते तुम्ही आधी ठरवा.

आईंसाठी हे सोयीचं आहे. बंदरासमोरच्या म्युनिचिपियो स्थानकातून मेट्रोची पहिली मार्गिका धरा. तोलेदो, दान्ते आणि तिसरं म्युझेओ, संग्रहालयापाशीच. मंगळवारी बंद असतं, तुमचा शुक्रवार आहे.

पारिजात

तगर, अंगावर काटा आला. आईला विचारलं, पॉम्पेई की ही मूर्ती? ती पहिल्यांदा काहीतरी ठामपणे बोलली: "मला ती बघायचीय."

म्हणजे नेपल्सलाही दोन तुकड्या. नवरा आणि मुलगा पॉम्पेईला रेल्वेने जातील. व्हेसुव्हियस आणि काप्री दोन्ही खोडलं.

दर्यावर्दी

उत्तम. पॉम्पेईचं तिकीट आधी काढा. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं. गारिबाल्दी स्टेशनाहून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल, उतरायचं पॉम्पेई स्काव्ही स्थानकावर. पस्तीस-चाळीस मिनिटं. गर्दीत पाकीटमार असतात, पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. आत सावली फार कमी आहे, टोपी हवीच.

एक धोका मात्र आहे. इटलीत रेल्वेचे संप बरेचदा शुक्रवारी ठेवतात. ते आधी जाहीर होतात, तेव्हा निघायच्या आदल्या आठवड्यात 'शोपेरो' हा शब्द घालून शोधा. संप निघाला तर दोघांनीही संग्रहालयच करावं.

इतर कुणाला गुडघ्याचा त्रास असून पॉम्पेईच बघायची असेल, तर पियात्सा अन्फितेआत्रोच्या दाराने आत जा. तिथून चाकाच्या खुर्चीला चालेल असा सपाट केलेला मार्ग सुरू होतो. बाकी रस्ते मोठ्या दगडांचे आहेत, पाय मुरगळतो.

मेघना_ठाणे

मार्सेयला लॅव्हेंडरची शेतं दाखवणाऱ्या सहली विकतात, मे महिन्यात घेऊ नका. फुलं जूनच्या मध्यानंतर येतात. पाल्माला कॅथेड्रल आणि मागच्या गल्ल्या, एवढं पुरे.

पारिजात

मंडळी, परत आलो. जेट लॅग अजून आहे पण आधी इथे लिहितेय.

मार्सेयला पहाटे साडेपाचला बाबा एकटेच डेकवर गेले होते. मी मागून गेले तेव्हा ते कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघत होते. "८ जुलै १९१०," म्हणाले, "मोरिया बोटीच्या खिडकीतून. किती उंच असेल गं?" आमचं जहाज तर दहा मजली, मला उत्तर देता येईना. किनारा दिसायला लागेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो. दिवसा जुन्या बंदरावर गेलो, मासळीबाजार बघितला, बाकी काही नाही.

फ्लॉरेन्सला बसमधून उतरून पाच जणांची म्हणून मोठी टॅक्सी मागवली आणि थेट कास्किने. करवीरकर, तुम्ही सांगितलंत तसंच आहे. चार खांबांवरची छत्री, खाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, फेटा, गळ्यात मोत्यांच्या माळा. मी पांढऱ्या संगमरवराची कल्पना केली होती, रंग बघून दचकले, चेहरा जिवंत वाटतो. मागे दोन नद्यांचं पाणी. बाबांनी चप्पल काढली. एक सायकलवाले आजोबा थांबले, पुतळ्याकडे आणि मग आमच्याकडे बोट करून "इंदिया?" म्हणाले. बाबांनी "कोल्हापूर" म्हणून सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. नंतर दुओमो बाहेरून पाहिलं, जेवलो आणि वेळेआधी वीस मिनिटं बसपाशी होतो.

रोमला तिबेरकाठ यांचा सल्ला तंतोतंत पाळला. आठ-चाळीसला रांगेत होतो, अर्ध्या तासात आत. मुलाने कोलोसियमपेक्षा त्या नळाचेच जास्त फोटो काढलेत.

आणि नेपल्स. संप नव्हता. नवरा आणि मुलगा साडेआठलाच निघून गेले, आम्ही तिघं सावकाश. संग्रहालयात गुप्त कक्ष विचारला, तिथल्या बाईंनी आईची काठी बघून लिफ्टपर्यंत सोबत केली. मूर्ती काचेत आहे. खरंच एवढीशी. आईने चष्मा पुसला आणि एका बाजूने बघायला सुरुवात केली. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. पायांत तसेच भरगच्च वाळे. मग ती कडेने मागे गेली आणि मला हाताने खुणावलं. पाठीवर वेणी आहे. खालपर्यंत, घट्ट, दागिने माळलेली. "हिला कुणीतरी बसवून घातलीय," आई म्हणाली. "स्वतःची स्वतःला अशी घालता येत नाही."

पंचवीस मिनिटं ती तिथे होती, त्यातली पंधरा उभी. गुडघ्यांबद्दल चकार शब्द नाही. रात्री केबिनमध्ये विचारलं, तेरला पुण्याहून किती वेळ लागतो.

तगर

आईंना घेऊन नक्की या. लामतुरे संग्रहालयात आमची हस्तिदंती मूर्ती बघा. शिवाय त्रिविक्रमाचं विटांचं जुनं मंदिर आहे, मागून चैत्यासारखं गोल, आणि गोरोबाकाकांची समाधी. पावसाळा संपू द्या. सकाळी लवकर निघा, इथे ऑल अबोर्ड नाही, मुक्कामाची सोय माझ्याकडे.